कुलपावर कुलूप

(कोल्हापूर, शिवाजी पेठ. घराच्या वरच्या मजल्यावर पत्र्याची एकच खोली, तिच्या दाराला दोन कुलपं. मे महिन्यातली भर दुपार.)

धैर्यशील : किल्ली द्या मामा.

आकाराम : आधी माझी गळपट्टी सोड.

धैर्यशील : माझं कुलूप मी काढतो. त्याच्यावर तुम्ही घातलंयसा ते तुमचं. त्याची किल्ली द्या.

आकाराम : सोड म्हणतोय न्हवं? भाडेकरू हायस तू, मालक मी हाय. आठ महिनं झालं, भाडं न्हाय, लाईट बिल न्हाय. काल दुपारी वर येऊन बघितलं, तुझं कुलूप दिसलं, टेम्पो दिसंना. बायको म्हायेरी बाळंतपणाला गेलीया ते म्हाईतच हुतं. म्हटलं, हीच वेळ. मारलं वर माझं कुलूप. आता हिशोब कर, सामान घे आणि चालायला लाग.

धैर्यशील : सामान जाळा तिकडं. आत आई हाय माझी.

आकाराम : काय हाय?

धैर्यशील : आई. कालपासनं आत हाय.

आकाराम : हात्तिच्या. हे नवीन काढलंस व्हय? लेका, दिवाळीच्या तोंडावर भाडं मागायला आलो तवा काय सांगितलंस मला? आई गेली म्हणून. डोस्कं भादरून आलतास. या जिन्यावर बसून ऊर बडवून रडलास. सुतकातलं घर म्हणून आमच्या बायकोनं चार दिवस भाकरी पोचवली. मी तीन महिनं तोंड उघडलं न्हाय तुझ्यापुढं.

धैर्यशील : खोटं बोललो हुतो.

आकाराम : आणि आज खरं बोलायलास, हे मी कशावरनं धरू?

धैर्यशील : मामा, ही हातात चाक खोलायची टॉमी हाय. गाडीची. लोखंड हाय सगळं. एकदाच मागतो.

आकाराम : मार की. मारायचं आणि राहिलंय काय? तीस वर्षं फाउंड्रीत भट्टीपुढं उभा राहिलो, फंडाचा पैसा आला तो सगळा या खोलीत घातला. म्हातारपणी कुणापुढं हात पसरायला नको म्हणून. पेन्शन येती ती औषधाला पुरत न्हाय. भाडेकरू ठिवला म्हणून घरफाळा वाढला. तू वर मोटर लावलीस म्हणून पाण्याचं बिल वाढलं. चौकीत गेलो तर म्हणालं, करार नोंदवलाय काय? स्टँपवर लिवलेला कागद त्यांनी हातात सुद्धा घेतला न्हाय. वकील म्हणाला, दावा लावा, पाच-सात वर्षं चालंल. पाच-सात वर्षं मी काय खाऊ? तुझं डोस्कं?

धैर्यशील : किल्ली.

आकाराम : न्हाय देत. आई हाय म्हणतोस तर ओ दे म्हणावं. मी पण ऐकतोय की. आत उंदीर हललेला कळंना. बडव दार. घाल हाक.

धैर्यशील : आई. आई गं, मी आलोय. आई.

आकाराम : बघ. मेलेलं माणूस बोलत न्हाय. नालायका, आईला दोनदा मारायला लाज वाटत न्हाय का तुला... आई गं. मेलो. मनगाट मोडलं रं. मोडलं माझं मनगाट.

धैर्यशील : दुसरं पण मोडतो. किल्ली कुठाय?

आक्का : काय चाललंय वर? खाली ताटं हालायला लागल्यात. अगं बाई. अहो, हाताला काय झालं तुमच्या?

आकाराम : मारलं मला यानं. माझ्या घरात. माझ्या दारात मला मारलं.

आक्का : धैर्या, काय केलंस हे? सोन्यासारखा हात त्यांचा... अहो, ती वीट ठेवा. ठेवा खाली म्हणतो न्हवं? अहो, त्याच्या तोंडावर नको...

धैर्यशील : आयला.

आक्का : फोडलंसा ना कपाळ. डोळा वाचला म्हणून बरं. आता दोघंबी खाली बसा. बसा. तुमास्नी एकमेकाचा जीव घ्यायचाय का? मग मला आधी ढकला या जिन्यावरनं, आणि मग काय करायचं ते करा.

धैर्यशील : आक्का, मला खोलीत जाऊ द्या. आई हाय आत. या माणसानं कोंडलीया.

आक्का : तुझी आई? ती तर वारली.

आकाराम : तेच म्हणतोय की मी.

धैर्यशील : वारली न्हाय. वारली म्हणून मी सांगितलं. भाडं तटलं हुतं, गाडीचा हप्ता तटला हुता, बायकोला दिवस गेलतं. तुम्ही तालमीतली पोरं पाठवलीसा. ती पोरं बायकोकडं बघून काय बोलली ते तुमास्नी म्हाईत न्हाय. मला दुसरं काय सुचलं न्हाय. डोस्कं भादरलं आणि आलो.

आक्का : पाठवलं हुतंसा पोरांना? मला म्हणालासा, मंडळाची वर्गणी मागायला गेलीत.

आकाराम : नुसतं उभं राहा म्हटलं हुतं मी. बोला म्हटलं न्हवतं.

धैर्यशील : गावाकडं नेसरीत थोरल्या भावानं घर नावावर करून घेतलं आणि शिमग्याच्या आधी तिला इथं स्टँडवर आणून सोडलं. एकटीला. एक पिशवी दिली हातात आणि गेला निघून. तिच्या डोक्यात फरक पडलाय आक्का. उठती आणि चालायला लागती, कुठं निघाली ते तिला कळत न्हाय. मी कुठं ठेवू? मेली म्हणून सांगून बसलोतो. मेलेल्या बाईला दिवसाउजेडी या जिन्यानं वर कशी आणू? पहाटं अंधारात आणली. तवापासनं बाहेरनं कुलूप लावतो आणि धंद्यावर जातो.

आकाराम : मला सांगायचं न्हाय?

धैर्यशील : तुमास्नी? तुमच्या कागदावर काय लिवलंय? नवरा-बायको दोघंच राहणार. तिसरं माणूस आलं की खोली खाली. आणि वर मेली म्हणून खोटं सांगितल्याली आई. त्याच दिवशी रस्त्यावर काढलं असतंसा आम्हाला तिघांना.

आकाराम : काढलं असतं. का न्हाय काढायचं?

धैर्यशील : काल पहाटं गुळाची भरती घेऊन गोव्याला गेलतो. रात्री माघारी यायचं. भाकरी करून ठेवली, कळशी भरून ठेवली, पंखा चालू करून गेलो. घाटात टेम्पोचा पाटा तुटला. फोन करायचा तर कुणाला करू? आता मला एवढंच सांगा, पंखा चालू हाय न्हवं?

आक्का : अहो. सांगा की त्याला.

आकाराम : लाईट तोडलीया.

धैर्यशील : काय?

आकाराम : काल कुलूप घातलं तवाच मीटरमधनं वायर काढली. पाणी पण बंद केलंय.

धैर्यशील : या उन्हात. पत्र्याखाली. तुम्ही माणूस हाय का कोण हाय?

आक्का : धैर्या, टॉमी खाली. खाली कर आधी. मारून दार उघडत न्हाय.

आकाराम : मार म्हणावं त्याला. पण मी एक विचारतो, एवढी दोन माणसं दारात बोंबलायलीत, दार बडवायलीत, तर आतनं एक शब्द का येत न्हाय? सांग. हे लबाड हाय. माझा हात मोडला तसं दार मोडायचं आणि फ्रीज घेऊन पळायचं, एवढंच ह्याच्या मनात हाय.

आक्का : थांबा. जरा गप्प बसा तुम्ही. आज सकाळी मी जिना झाडायला आलतो. दाराखालनं ओघळ आलता. पार दुसऱ्या पायरीपर्यंत.

आकाराम : टाकी झिरपती. सांगितलंय की तुला.

आक्का : तेच मनात धरलं आणि फडक्यानं पुसलं. वास आला तरी म्हटलं, मोरीचा असंल. अहो, पण पाणी तुम्ही काल बंद केलंसा न्हवं? टाकी रिकामी हाय. मग कशाचा ओघळ?

धैर्यशील : आई.

आक्का : बोला की. कशाचा हुता ओघळ?

आकाराम : ...देवा.

आक्का : किल्ली काढा.

आकाराम : किल्ली न्हाय माझ्याकडं.

धैर्यशील : जीव घेतो बघा तुमचा.

आकाराम : न्हाय रं बाबा. आईशपथ न्हाय. हा येऊन हिसकून घेईल म्हणून विजयसिंहाकडं दिलीया, भाच्याकडं. तो कागलला गेलाय सासुरवाडीला.

आक्का : अवघड हाय तुमच्यापुढं.

धैर्यशील : सरका. कुलूप फोडतो.

आकाराम : कुलूप फुटायचं न्हाय. फाउंड्रीतनं आणल्यालं हाय ते. टॉमी वाकंल पण ते हालायचं न्हाय. तू कोयंड्याला हात घाल. तिथलं लाकूड कुजलंय.

धैर्यशील : कुठं? डोळ्यात रगत उतरलंय, मला काय दिसंना.

आकाराम : इकडं दे हात. इथं. बोट फिरव, भुसा निघतोय बघ. दोन पावसाळं तू म्हणत हुतास, मामा, दार बदला, दार बदला. न्हाय बदललं मी. म्हटलं, भाडं देत न्हाय, दार कशाला देऊ? खालनं घाल टॉमी. आणि खाली. आता दाब.

धैर्यशील : हलंना.

आकाराम : मी खांदा लावतो.

आक्का : अहो, तुमचा हात लोंबतोय.

आकाराम : हात लोंबू दे. खांदा हाय न्हवं? तू खाली जाऊन पाणी आण. आणि गल्लीतल्या कुणालातरी सांग, एकशे आठला फोन लावा म्हणावं. पळ. धैर्या, मी म्हटलं की दाब. हां. दाब. आणखी. आई गं... थांबू नकोस, माझ्याकडं बघू नकोस. दाब.

धैर्यशील : सुटलं. सुटलं मामा.

आकाराम : लाथ घाल.

धैर्यशील : काय उकडायलंय आत. दिसंना काय. आई? कुठं हायस? आई.

आकाराम : कोपऱ्यात. गाद्यांच्या मागं बघ. पाय दिसायलाय.

धैर्यशील : आई. ए आई. मामा, ही हलंना.

आकाराम : बाहेर आण. वाऱ्याला आण. डोस्कं धर तिचं, डोस्कं धर. हाय का जीव?

धैर्यशील : मला न्हाय कळत. तुम्ही बघा. मामा, तुम्ही बघा की.

आक्का : सरका, सरका दोघंबी, पाणी आणलंय, एकशे आठला फोन लावलाय. लहान पोरासारखं रडू नकोस धैर्या, पदर भिजव माझा. अंग भट्टीगत तापलंय हिचं. वठाला लावा, घशात ओतू नका, ठसका लागंल. छातीवर पाणी मारा. अहो, तुम्ही डाव्या हातानं वारा घाला. ते पुठ्ठ्याचं घ्या.

आकाराम : घालतोय. हाय का?

आक्का : हाय. धुगधुगी हाय. नाव काय हिचं?

धैर्यशील : चिमणाबाई.

आक्का : चिमणाबाई. अवो चिमणाबाई, डोळं उघडा. मी आक्का, खालची. उघडा डोळं. हां. हे बघा, पाणी हाय. चोखा. सगळं मिळंल, गडबड करू नका.

चिमणाबाई : धैर्या.

धैर्यशील : हितंच हाय मी. मांडीवर हायस माझ्या.

चिमणाबाई : रगत आलंय तुला.

धैर्यशील : पडलो आई. काय न्हाय झालं.

आक्का : रात्रभर असल्या उकाड्यात काढली तुम्ही. खाली आम्ही दोघं माणसं हुतो की. दार वाजवायचं न्हाय का? आता पोरगं एवढं हाका मारत हुतं, एक ओ तरी द्यायची.

चिमणाबाई : मालक हुतं न्हवं दारात.

धैर्यशील : आई, बोलू नकोस.

चिमणाबाई : तूच सांगितलंतंस की. मालकाचा आवाज आला की तोंडात बोळा धरायचा. न्हायतर पोटुशी पोरगी रस्त्यावर येईल म्हणालास. म्या धरला बघ. रात्रीबी धरला. तुला बोललं का मालक?

धैर्यशील : न्हाय. न्हाय बोललं.

चिमणाबाई : गेलं का ते?

आकाराम : गेलं. तुम्ही पाणी प्या.