फक्त आईबाबांनी भरवायचं

(इंग्लंडमधलं रीडिंग शहर. शनिवारची सकाळ. स्वयंपाकघरात सुप्रभाबाई आणि त्यांचा मुलगा यतीन. सून वैभवी बाहेरच्या खोलीत. साडेचार वर्षांची दिया वर अजून झोपलेली आहे. तिला भारतातून दत्तक घेऊन या घरी आणल्याचा आज नववा दिवस.)

सुप्रभा : मी भरवला नाही. मी फक्त बशी टेकवली.

यतीन : आई, काल बशी तिच्या खुर्चीसमोर टेकवलीस. बशीत शिरा होता.

सुप्रभा : मग काय रिकामी टेकवू?

यतीन : आणि चमचा?

सुप्रभा : चमचा हातात होता. ती आली आणि एवढासा आ करून उभी राहिली. त्या वेळी हात मागे घेईल अशी आजी मला आणून दाखव, मी तिच्या पाया पडते.

यतीन : फ्रिजवर काय लावलंय, वाचलंस ना?

सुप्रभा : पाठ आहे. पहिले तीन महिने भरवणं, उचलणं, झोपवणं, अंघोळ, सगळं फक्त आईबाबांनी. बाकीच्यांनी हसायचं. हसतेय रे बाबा. नऊ दिवस हसून माझे गाल दुखायला लागले.

यतीन : अगं, संस्थेत ड्युटीवर जी बाई असेल ती भरवायची. त्यामुळे कोणीही दिसलं की ही त्याच्या कडेवर. परवा पोस्टमनच्या पायाला मिठी मारली. आपलं माणूस कोण, हे तिला कळायला नको?

सुप्रभा : म्हणजे मी आणि पोस्टमन एकाच यादीत?

यतीन : पोस्टमन निदान शिरा आणत नाही.

सुप्रभा : हस, हस. माझं तिकीट कितीचं आहे?

यतीन : एकोणतीसचं.

सुप्रभा : आज अठरा. तुमचा कागद म्हणतो तीन महिने, माझा व्हिसा म्हणतो अकरा दिवस. साडेपाच महिने मी इथे बसून आहे. आज कोर्टाची तारीख पुढे, उद्या पासपोर्ट पुढे. तुम्ही तिला आणायला गेलात तेव्हा तीन आठवडे एकटी त्या बॉयलरशी भांडले. आता पोर घरात आली, तर मी निघायचं. तिला काय आठवणार माझं? एक बाई होती, लांबून दात दाखवायची.

वैभवी : (आत येत) यतीन, दियाचं लाल जॅकेट ड्रायरमध्ये आहे का? आणि हेलन अकरा वाजता येतेय, मेसेज आलाय.

सुप्रभा : सोशल वर्कर? आज शनिवारी? वैभवी, शिऱ्याचं तिला सांगणार आहेस?

वैभवी : आई, ती विचारतेच, या आठवड्यात कोणी कोणी भरवलं म्हणून. खोटं बोलू?

सुप्रभा : खोटं कशाला? बोलायचंच नाही. माणसं बघायला येतात तेव्हा घरातलं सगळं बाहेर काढतं का कोणी?

वैभवी : तेच तर झालं ना मागे! तिनं साधं विचारलं, तुमच्याकडे भांडणं होतात का. तुम्ही काय म्हणालात? ‘नेव्हर. नॉट वन्स.’ तिनं पेनच खाली ठेवलं.

यतीन : आणि दोन व्हिजिट वाढवल्या. भांडण न होणारं घर तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

सुप्रभा : मला वाटलं बघण्याचा कार्यक्रम आहे. कांदेपोहेही केले होते. बघण्याच्या कार्यक्रमात कोण सांगतं, आमच्याकडे टॉवेलवरून आरडाओरडा होतो म्हणून?

वैभवी : इथे तेच सांगायचं असतं, आई.

सुप्रभा : उलटाच देश आहे. बरं, मी भरवू नको, उचलू नको. निदान बोलू? साडेपाच महिने एक सीरियल पाहिली नाही. फोनवर बघून साठ खुणा शिकले. दूध, पाणी, झोप, मांजर, सगळं.

यतीन : अमेरिकन.

सुप्रभा : काय अमेरिकन?

यतीन : तू शिकलीस ती अमेरिकन साइन लँग्वेज. दिया इथे शिकणार ब्रिटिश, आणि आली तेव्हा तिला येत होत्या भारतातल्या खुणा. सांगलीची आजी रीडिंगमध्ये बसून अमेरिकन बोलतेय. म्हणून तू मांजराची खूण केलीस की ती तुझ्याकडे नुसती बघत राहते.

सुप्रभा : मला कुणी सांगितलं नाही!

यतीन : सांगणार कसं, तू दार लावून शिकायचीस. आणि आई, एवढी तळमळ आता. पहिला फोटो पाठवला तेव्हा काय म्हणाली होतीस? ‘ऐकू येणारी नव्हती का त्यांच्याकडे?’

वैभवी : यतीन!

सुप्रभा : थांब, त्याला बोलू दे. म्हणाले होते मी. त्या पोरीला ते कधी ऐकू येणार नाही, पण मला रोज येतं. लाज वाटते रे मला. दार लावून शिकत होते ते काय उगाच?

यतीन : सॉरी. मी असं बोलायला नको होतं.

वैभवी : आई, मी पण एक सांगू? नियम हेलनचा आहे, पण धरून मी बसलेय. काल पार्कमध्ये दिया पडली. मी दोन फुटांवर होते. ती उठली आणि रडत रडत समोरच्या बाकावरच्या बाईकडे गेली. अनोळखी बाई, हातात कॉफी. मी तशीच उभी.

सुप्रभा : अगं, मला बोलली नाहीस.

वैभवी : काय बोलू? तिनं मला निवडलं नाही, असं? आणि घरी आल्यावर बघते तर तुमच्या हातचा शिरा खाऊन ती तुमच्या मागे मागे. मला शिराही धड येत नाही हो. जळले मी. तुमच्यावर.

सुप्रभा : वेडी कुठली. रवा भाजायला वेळ लागतो, तू गॅस मोठा करतेस. बाकी काही नाही.

वैभवी : मी हसत नाहीये, आई.

सुप्रभा : मीही नाही. ऐक. आजपासून मी बशीसुद्धा टेकवणार नाही. त्या हेलनला शिऱ्याचं मीच सांगते. ‘आय फेड. माय मिस्टेक.’ मग मी सांगलीला जाईन आणि तुम्ही फोनवर तोंड दाखवाल तेवढं बघेन. तिला आधी आई मिळू दे.

यतीन : आई, खरंच?

सुप्रभा : खरंच. रडू येतंय, पण खरंच. जिन्यावर वाजलं ना काहीतरी?

वैभवी : उठली वाटतं. यतीन, उपमा घे तिच्या बाऊलमध्ये. ये, ये राणी. गुड मॉर्निंग.

सुप्रभा : मी इथे कोपऱ्यात उभी राहते. हात मागे बांधून. बघ.

यतीन : एवढं पोलीस स्टेशनसारखं नको गं.

सुप्रभा : गप. वैभवी, बघ, सरळ तुझ्याकडे आली. यतीन पुढे उभा होता, मी होते, तरी तुझ्याच मांडीवर चढली. बघितलंस का?

वैभवी : बघितलं. आई, मला चमचा दिसत नाहीये नीट.

सुप्रभा : डोळे नंतर पूस. आधी तिला दे, भूक लागली असेल.

यतीन : आई, ती तुझ्याकडे बघतेय.

सुप्रभा : मी हसतेय, नियमाप्रमाणे. हे काय करतेय? पाची बोटं तोंडाशी नेते आणि मग माझ्याकडे दाखवते. ही खूण माझ्या साठात नाही.

वैभवी : कुठल्याच कोर्समध्ये नसेल. आपल्याकडे सगळेच करतात ना तसं? ती विचारतेय, तू खाल्लंस का?

सुप्रभा : मला विचारतेय?

वैभवी : तुम्हालाच.

सुप्रभा : नाही म्हणून सांग.

यतीन : आई, सकाळी दोन टोस्ट खाल्लेस. वर केळं.

सुप्रभा : तुला कुणी विचारलंय? वैभवी, तिला सांग, आजी उपाशी आहे.

वैभवी : सांगितलं. उतरली बघा मांडीवरून. बाऊल आणि चमचा घेऊन तुमच्याकडेच निघाली.

सुप्रभा : अगं, पण नियम? कागदावर?

वैभवी : कागदावर याचं काहीच नाही. थोड्या वाका, आई. तिचा हात पोचत नाहीये.