तात्यांची कबुली

कोर्टाच्या गप्पा निघाल्या की मला आमचं चुलतं आठवत्यात गड्यांनो. हवालदार तात्या. आणीबाणीच्या आदल्या साली पलटणीतनं पेन्शनीवर आल्यालं. बांधावरनं दोघं भांडत व्हतं, हे सोडवाय गेलं, तर पोलिसांनी मारामारीच्या केसमदी यांचंबी नाव घातलं.

तारखेला वकिलाची एसटी चुकली. मग मीच शहाणपणा केला. म्हणलं, "आवं तात्या, तुमी काय भिऊ नगा. फकस्त सायबाफुडं उलटं बोलू नगा."

पुकारा झाला. तात्या पिंजऱ्यात टाचा जुळवून ताठ उभं ऱ्हायलं.

"गुन्हा कबूल आहे?" सायबांनी इचारलं.

"जी, साब!"

सायबालाबी काय तरी खटकलं असंल. "नीट ऐका. मारहाण तुम्ही केली, हे कबूल आहे?"

तात्यांनी छाती काढली अन् आवाज चढवला, "जी, साब!"

मी मागच्या बाकावर. उठून वरडायला पायजे व्हतं, पर बसूनच ऱ्हायलो. आठ दिवसांची कैद लागली.

सुटायच्या दिवशी आणाय गेलो. तात्यांनी दारातच माझा हात धरला, म्हणालं, "उलटं न्हाई बोललो न्हवं रं मी?"