मंदीतलं सोनं आणि सुलोचनाबाईंचे डोळे

मंडळी, सरकून बसा, मागच्यांनाही जागा होऊ द्या. आज एकच प्रश्न घेतलाय. आपण शहाण्या माणसांकडे सल्ला मागायला जातो — तो काम करण्यासाठी, की काम टाळण्यासाठी? लगेच उत्तर देऊ नका. आधी ऐका.

इचलकरंजीत रावसाहेब मगदूम नावाचे गृहस्थ होते. कापडाचे माग चालवायचे. कष्टाळू, निर्व्यसनी माणूस. बायकोचं नाव सुलोचना. सुलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची, आणि बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! देवही कधी कधी थट्टा करतो. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका, डावा डोळा आधी. रावसाहेबांनी पैसे बाजूला काढले. इथपर्यंत सगळं ठीक.

तेवढ्यात मंदी आली. सूत महाग, कापडाला गिऱ्हाईक नाही, निम्मे माग बंद. रिकामा माणूस काय करणार? टीव्हीसमोर बसला. तिथे कोट घातलेले एक तज्ज्ञ सांगत होते, मंदीत सगळं बुडतं, सोनं तेवढं तरतं. आज घेतलं नाही तर जन्मभर हळहळाल. रावसाहेब उठले आणि ऑपरेशनच्या पैशांची सोन्याची वेढणी, म्हणजे चोख सोन्याची वळी, घेऊन आले. बायकोला म्हणाले, "दिवाळीपर्यंत भाव चढू दे. दोन्ही डोळे एकदम करू, तेही मोठ्या दवाखान्यात."

बाई हो म्हणाल्या. नवऱ्याच्या नजरेनं बघायची सवय होती त्यांना.

दिवाळीला भाव खरंच चढला. रावसाहेब विकायला निघाले — निघाले होते, खोटं कशाला बोलू? पण पायात चपला घालताना दुसरे तज्ज्ञ पडद्यावर आले. ही तर नुसती सुरुवात आहे म्हणाले, आत्ता विकेल तो मूर्ख. रावसाहेबांनी चपला काढल्या. मग भाव घसरला. तेव्हा हेच दुसरे म्हणाले, फुगा होता, फुटला, मिळेल त्या भावाला विकून मोकळे व्हा. आणि पहिले म्हणाले, पडत्या भावात विकतं का कुणी? आता सांगा, रावसाहेबांनी काय करावं? त्यांनी तेच केलं जे तुम्ही-मी करतो. तिसरा तज्ज्ञ शोधला. तो म्हणाला, वाट बघा. हा सल्ला मात्र त्यांना मनापासून पटला.

एकदा ते पहिले दोघे गावातल्या नाट्यगृहात एकाच व्यासपीठावर आले. रावसाहेब पहिल्या रांगेत. दोघांनी एकमेकांना यथेच्छ खोटं पाडलं. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर आतल्या खोलीत पाहतात तर दोघे एकाच बशीतली भजी खातायत. रावसाहेबांनी हात जोडून विचारलं, "साहेब, बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन अडलंय. विकू की ठेवू?" त्यावर एकानं विचारलं, तुमची जोखीम घ्यायची तयारी किती आहे?

अहो, जोखीम घरी गॅस चाचपडत चहा करत होती.

त्याच सुमारास सुलोचनाबाईंना बाजारात धाकटी बहीण भेटली. म्हणजे बहीण समोर आली, हसली, आणि बाई तशाच पुढे निघून गेल्या. दिसलीच नाही त्यांना. बहिणीला वाटलं, घरात सोनं साठवणाऱ्यांना आता आम्ही कशाला ओळखू येऊ? तिनं बोलणं टाकलं. बाईंना हे शेजारणीकडून कळलं. कपाटातली वेढणी काढली, शेजारणीचा हात धरला, सराफाकडे गेल्या, आणि तिथून थेट दवाखान्यात.

रावसाहेब धापा टाकत पोचले. बायको खाटेवर बसलेली. पहिला प्रश्न काय विचारला असेल? दुखतंय का? घाबरलीस का? छे.

"काय भावानं विकलंस?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "फळ्यावर लिहिला होता म्हणे. मला दिसला नाही."

उजवा डोळा उजळला. डाव्याला मात्र फार उशीर झाला होता. डोळ्यातला दाब वाढून आतली शीर मेली होती. एका डोळ्यानं बाई आधी बहिणीच्या दारात गेल्या. बहिणीनं त्या डोळ्याकडे पाहिलं आणि गळ्यात पडली. रावसाहेब अंगणातच उभे राहिले. आत जायचं धाडस झालं नाही त्यांना.

पुढे सोन्याचं काय झालं? चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. दोन्ही तज्ज्ञ टीव्हीवर सांगतात, मी म्हटलंच होतं. दोघांचीही दृष्टी उत्तम आहे.

हसलात? हसा. पण मला ठाऊक आहे, कीर्तन संपलं की तुमच्यातलेच कुणीतरी प्रसादाचा द्रोण हातात घेऊन मला बाजूला गाठणार: महाराज, सोनं घ्यावं की थांबावं? विचारा, खुशाल विचारा. मी छाती ठोकून सांगेन. चुकलो तर माझं काय जाणार? जाईल ते तुमच्या घरातल्या कुणाचं तरी.

घ्या टाळ.