अठरा होल, गंगाजलासहित

...नाही नाही, हसा, खुशाल हसा, आता मीही हसतोय, पण मंगळवारपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता! आणि कशापायी? एका साध्या प्रश्नापायी! गोल्फ खेळणारे दोघे भेटले की पहिलं काय विचारतात? 'तुमचा होम कोर्स कुठला?' म्हणजे रोज कुठल्या मैदानावर खेळता, बस्स. आता याला उत्तर किती लांब लागतं? एक ओळ! मी पाऊण तास दिलं. आणि तेही कुठं, तर लेकीच्या लग्नात, भर पंगतीत, खुद्द व्याह्यांना!

तुम्हाला सांगतो, मी यज्ञेश्वर पाळंदे, राहणार दूधविनायक, आमच्या पाच पिढ्या काशीत गेल्या. आजोबांची दुर्गाघाटावर याज्ञिकी, वडिलांची याज्ञिकी, मी तेवढा रेल्वेत चिकटलो, ड्रॉइंग ऑफिसात, आणि तिथल्या एका साहेबाला खेळायला जोडीदार मिळेना म्हणून हा गोल्फ माझ्या गळ्यात पडला. सत्तावीस वर्षं झाली! रिटायर झालो, पण रेल्वे कॉलनीतलं ते मैदान काही सुटलं नाही. तुम्ही कधी गोल्फची बॅग खांद्याला लावून आमच्या गल्लीतून गेलायत? समोरून गाय, मागून मोटारसायकल, वरून कुणीतरी ओला टॉवेल झटकतंय, आणि कोपऱ्यावरचा पानवाला रोज, सत्तावीस वर्षं रोज, विचारतो, 'का गुरु, मछरी मारे जात हउअ?' अरे, मासे कुठले, बामण आहे मी!

तर पंगत. व्याही पुण्याचे, शरदराव. जिलबी वाढत होते तेवढ्यात त्यांनी मला तो प्रश्न टाकला आणि आधी स्वतःचंच सुरू केलं, 'आमच्या कोर्सचं कसं आहे यज्ञेश्वरराव, गवत असं, की बूट काढून चालावं! आणि सातव्या होलला डाव्या हाताला समुद्र. लाट फुटली की क्षणभर थांबायचं, मग मारायचं.' समुद्र! पुण्यात! इथं कुणाही शहाण्या माणसानं तोंड उघडलं असतं की नाही? मी नाही उघडलं. कारण महाराष्ट्रात मी जन्मात दोनदा गेलो, दोन्ही वेळा लग्नाला, स्टेशनवरून थेट कार्यालयात. मला काय ठाऊक पुण्याला समुद्र आहे की नाही? आणि विचारायचं कुठल्या तोंडानं? आदल्याच दिवशी त्यांच्या आत्याबाई मला म्हणाल्या होत्या, 'अय्या, तुम्ही हिंदी किती छान बोलता!' अहो, मी मराठीत बोलत होतो!

मग मलाही चेव आला. म्हटलं, 'आमचा अठरा होलचा.' आहेत नऊ. पण नऊ दोनदा खेळले की किती होतात? करा बेरीज! म्हटलं, 'आमच्या तळ्यात गंगाजल आहे.' आहेच! कॉलनीच्या टाकीला पाणी गंगेतून येतं, टाकी गळते, खाली डबकं साचलंय, त्यात म्हशी बसतात, हे सगळं कबूल, पण पाणी कुणाचं? म्हटलं, 'आमच्याकडे एक फार जुने मेंबर आहेत, बडे बाबू. त्यांचा मान इतका, की ते बसलेले असले तर आम्ही वळसा घालून जातो.' तो सांड आहे. तिसऱ्या होलवर बसतो, एवढा थोरला! पण मी मेंबर म्हटलं, दोन पायांचा मेंबर म्हटलं का? खोटं नव्हे हो, वर्णन!

आठ महिने सुखात गेले. आणि मग स्वरदाचा, माझ्या लेकीचा, पुण्याहून फोन. 'बाबा, सासरे काशीला येतायत. विश्वनाथाचं दर्शन, गंगास्नान आणि तुमचा कोर्स. बॅग भरून तयार आहे त्यांची. बाबा, खरं सांगा, होल किती आहेत?' लेक माझी, मला ओळखून आहे. मी म्हटलं, 'अठरा... म्हणजे एका परीनं.' पोर रडकुंडीला आली हो! 'बाबा, सासूबाई सगळ्यांना माझी ओळख काय करून देतात, माहितेय? अठरा होलवाल्यांची मुलगी! हे फुटलं तर मला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल!'

हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी फजिती झाली तर मी काय, एक पान लावीन आणि विसरेन. पण माझ्या जिभेपायी पोरीनं परक्या घरात मान खाली घालायची? आमची बायको मृणालिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, 'वर्णन तुम्ही करायचं आणि निस्तरायचं पोरीनं!' मी म्हटलं, 'कळवून टाकू का, कोर्स दुरुस्तीसाठी बंद आहे म्हणून?' तर म्हणते, 'मग ते दुरुस्ती बघायला येतील. पुण्याचे आहेत.'

धावलो मैदानावर. आमचा माळी रामसुमेर, त्याला म्हटलं, भय्या, दोन दिवस म्हशी हलव आणि बडे बाबूंचं काही तरी कर. तो तंबाखू मळत म्हणतो, 'भैंस त हट जाई, पंडीजी. बाकी बड़े बाबू के के हटाई? ऊ त हमहन से पहिले से हउवन.' आमच्याही आधीपासून आहेत म्हणे, त्यांना कोण हलवणार? संपलं!

मंगळवारी सकाळी निघालो. शरदराव कसे? पांढरेशुभ्र बूट, पांढरा हातमोजा, टोपी, आणि बॅग अशी चकचकीत की गल्लीतली गायसुद्धा बाजूला झाली. कोपऱ्यावर आमचा पानवाला, 'अरे वाह, आज त दू-दू जने मछरी मारे!' मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

पहिल्या होलशी पोचलो. मी मनात सगळं घोकून ठेवलेलं, आधी माफी मागायची, मग नऊ होलची बेरीज सांगायची, आणि शेवटी हात जोडायचे, लेकीला काही बोलू नका. तर शरदराव इकडं तिकडं बघत मलाच विचारतात, 'मॅट कुठाय?' मॅट? म्हटलं, गवतावर ठेवा की बॉल. ठेवला. मारला. ढेकूळ उडालं, बॉल जागेवर! दुसऱ्यांदा मारला तो मात्र छान गेला, आणि हे? हे समोर आभाळाकडं बघत उभे! 'किती गेला?' म्हटलं, चला, बघू. 'चला म्हणजे?' म्हटलं, चालत, बॉलपर्यंत. 'चालत?' असं म्हणून या गृहस्थांनी खिशातून दुसरा बॉल काढला आणि तिथंच ठेवला!

मला काही समजेना. तसेच तिसऱ्या होलपर्यंत गेलो. आमच्याकडे होलभोवती हिरवळ नाही, तेल घातलेली वाळू आहे, खेळून झालं की गोणपाट ओढून ती सारखी करायची. आणि त्या वाळूवर कोण? बडे बाबू! शेजारी पाटी, 'बड़े बाबू बैठे हों तो गेंद पूँछ से दो क्लब दूर रखें।' म्हणजे शेपटीपासून गोल्फच्या दोन काठ्या लांब. मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं, गेली पोरीची अब्रू. आणि कानावर शरदरावांचा आवाज आला, अगदी बारीक, 'यज्ञेश्वरराव... हा खरा आहे?'

खरा आहे? म्हणजे काय? बडे बाबूंनी शेपूट हलवली, आणि शरदराव मटकन गोणपाटावर बसले. 'व्याही, एक सांगतो, घरी बोलू नका. आमच्या सोसायटीच्या तळघरात एक खोली आहे. समोर पडदा. पडद्यावर गवत, डोंगर, समुद्र, सगळं पडद्यावर! बॉल पडद्याला मारायचा, की किती गेला त्याचा आकडा येतो. आठ वर्षं मी तिथंच खेळतोय. खऱ्या गवतावर आज पहिल्यांदा पाय ठेवला. तुमचे अठरा होल ऐकल्यापासून झोप नाही मला. सुनेला कळलं तर काय म्हणेल ती? घराखालीच आहे हो, होम कोर्स नाही तर काय म्हणू? खोटं नव्हे हो...'

'वर्णन!' मी ओरडलो. बडे बाबूंनी दचकून माझ्याकडं पाहिलं. 'म्हणजे शरदराव, पुण्याला समुद्र नाही?' 'नाही हो!' 'अजिबात नाही?' 'मुळा आहे, मुठा आहे, समुद्र कुठला!' काय हलकं वाटलं म्हणून सांगू! त्या गोणपाटावर मी त्यांना मिठी मारली, आणि तिथंच बसून म्हशींपासून सगळं भडाभडा कबूल केलं. इतके हसलो, इतके हसलो, की रामसुमेर पाणी घेऊन धावत आला.

मग खेळलो. नऊ होल, दोनदा, अठरा! शरदरावांनी बूट काढले आणि गवतात अनवाणी चालले, गोखरू टोचले तरी चालले. सहाव्या होलला त्यांचा बॉल डबक्यात गेला, तर तो काढून त्यांनी ते ओले हात डोळ्यांना लावले. बाजूला हलवलेल्या म्हशी लांबून बघत होत्या. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

घरी येऊन स्वरदाला फोन लावला, म्हटलं, पोरी, निर्धास्त राहा. ती म्हणाली, 'म्हणजे? आता काय वर्णन केलंत?' म्हटलं, या खेपेला मी नाही, तुझे सासरे करतील.

आणि केलं! परवा पुण्याला पोचल्या पोचल्या केलं! 'व्याह्यांचा कोर्स म्हणजे काय सांगू, अठरा होल, गंगाजलाचं तळं, आणि एक वयोवृद्ध मेंबर आहेत, त्यांच्यापुढं तर मी खालीच बसलो!' यात खोटं एक अक्षर दाखवा मला! झालं, त्यांच्या चार मित्रांनी काशीची तिकिटं काढली. स्वरदाचा पुन्हा फोन, 'बाबा, आता काय करायचं?' काय करायचं? काल त्यातल्या एकाशी बोललो मी फोनवर. विचारलं, आपला होम कोर्स कुठला? म्हणाले, 'पुण्यातच, पण थंडीत जरा पंचाईत होते, नवव्या होलला बर्फ पडतो.'

...येऊ द्या. गोणपाट मोठं आहे आमचं.