नेडीनच्या रायफलीत कुणाचं काडतूस

...आणि वर मला म्हणतो कसा, "व्हर्ल, तू अजून एका साच्याच्या प्रेसवरच काडतुसं भरतोस?" जसा काही मी अजून गारगोटी घासून चूल पेटवतो! तुम्हाला सांगतो, हे ऐकून घ्यायचं तेही कुणाकडून, तर लीलंडकडून. माणूस कोण? पियानो जुळवणारा. जन्मभर शहरात लोकांच्या दिवाणखान्यात बसून टिंग टिंग केलं, बायको वारली, म्हातारपणी इकडे वायोमिंगात आला, आमच्या ओढ्यापलीकडे घर घेतलं, आणि अंगणातला बर्फ धड उपसता येत नाही तो माझ्या शेडमध्ये उभा राहून मला काडतुसं भरायला शिकवतो. मी जळत नाही हं. माझ्या स्वभावातच नाही ते. मी नुसतं सांगतो.

माझी प्रेस वडिलांची. बिडाची. टेबलाला आवळलेली, टेबल भिंतीला ठोकलेलं, ती हलली तर घर हलेल. एक दांडा, एक साचा, एका वेळी एक काम. उडालेल्या काडतुसांच्या सगळ्या रिकाम्या पुंगळ्या घ्यायच्या, एकेक दाबून मापात आणायची, बुडाला बार पेटवणारी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, मग तो साचा काढायचा, दुसरा लावायचा, त्याचं माप जुळवायचं, मग गोळी बसवायची. संध्याकाळ जाते. जाऊ दे की. संध्याकाळी मला दुसरं काय करायचंय, पियानो वाजवायचाय?

त्याची टरेट प्रेस. म्हणजे डोक्यावर एक गोल चकती, चकतीला भोकं, भोकाभोकात साचा कायमचा बसवलेला. पुंगळी खाली जागच्या जागी. दांडा ओढा, चकती फिरवा, ओढा, फिरवा, की तयार काडतूस हातात. साचा काढायला नको, माप पुन्हा लावायला नको. रंग निळा. काम झालं की पुसतो तिला. वर रुमाल घालतो. प्रेसवर रुमाल... फक्त बघितलं. दोनदा बघितलं, बास.

आता मुद्द्याचं ऐका. आमच्याकडे एक नियम आहे. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. बाप सांगून गेला, त्याचा बाप सांगून गेला. त्याने दारू किती घातली तुम्हाला काय ठाऊक? चुकली तर बंदूक फुटेल, तोंड तुमचं जाईल. माणूस शेजाऱ्याची गाडी मागून नेईल, दाढीचा वस्तरासुद्धा मागेल एखादा, पण काडतूस नाही. माझ्या बायकोने, नेडीनने, लग्न झाल्यापासून माझ्याखेरीज कुणाचं काडतूस रायफलीत घातलं नाही. कारण मी दुसरा नव्हे. मी घरचा. कळलं? आणि ह्या सप्टेंबरात आम्ही निशाणबाजीच्या मैदानावर गेलो, तिथे लीलंडने खिशातून पाच काढली, रुमालात गुंडाळलेली, आणि आवाज असा काढला, लोणी लावलेला, "नेडीन, खांद्याला लागतं का गं तुला? ही बघ घालून. मऊ आहेत."

मऊ! काडतूस आहे का उशी आहे?

आणि तिने घातली. माझ्यादेखत. मी आडवा आलो नाही, चारचौघं होती. पाचही गोळ्या निशाणावर एका कपाखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. रात्री जेवताना, भाजलेल्या खिम्याची वडी माझ्या ताटात वाढताना म्हणाली, "लीलंडची खांद्याला लागत नाहीत." बास, एवढंच. पुढे ती वाटाण्यांवर बोलली. मला वाटाणे दिसेनात. इतकी वर्षं तुला लागत होतं तर बोलली का नाहीस, मी म्हटलं. म्हणाली, "तू विचारलं नाहीस."

मी जळत नाही. पण झोप लागली नाही.

आणि यंदा हरणाचा परवाना सोडतीत लागला तो एकट्या तिला. मला नाही, लीलंडला नाही. म्हणजे ह्या मोसमात एकच रायफल डोंगरावर जाणार, आणि त्या रायफलीत काय जाणार ह्यावर माझं नाक राहणार का कापलं जाणार ते ठरणार. तुम्ही हसा. तुमच्या बायका विकतची काडतुसं वापरतात, तुम्हाला काय कळणार.

मग मी तालुक्याच्या गावी गेलो. तिला सांगितलं खिळे आणायला जातो. आता ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय नाही माझं, पण लपवलं. दुकानदाराला म्हटलं, टरेट प्रेस दाखव. तो म्हणाला, किती रायफलींसाठी? एका. मग चार भोकांची घ्या, म्हणाला, एका रायफलीला तीन साचे लागतात, मापाचा, दारूचा आणि गोळीचा, चौथं भोक जास्तीचं. बरोबर बोलत होता. मी विचारलं, ओढ्यापलीकडच्या त्या पियानोवाल्याने कितीची नेली? म्हणाला सहाची. म्हटलं, सातची आहे? म्हणाला, आठची आहे. म्हटलं, बांध.

तो भला माणूस, म्हणाला, आजोबा, चकती जेवढी मोठी तेवढी कडेला हलते, दांडा ओढला की एका अंगाने किंचित उचलते, मग एक काडतूस लांब, एक आखूड. मी दुकानातच दांडा ओढून चकतीवर अंगठा ठेवून बघितलं. उचलत होती. केसभर. लीलंडचीही उचलत असणार, मी म्हटलं. नाही, म्हणाला, त्यांनी अंगठा ठेवून चार प्रेसा परत केल्या, मग ती घेतली. कान आहे त्यांना... प्रेस घ्यायला कान? तरी मी आठाचीच घेतली. लाल. त्याची निळी आहे ना.

घरी आणून टेबलाला आवळली. वडिलांची प्रेस शेजारीच, तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. आता बघा, जन्माची सवय. दांडा ओढला, पुंगळी मापात आली, आणि हात आपोआप वर गेला आणि साचा पिळून काढायला लागला. अरे, काढायचा नाही! त्याच्यासाठी तर एवढे डॉलर मोजले! परत बसवला, माप गेलं, पुन्हा जुळवलं, पुढची पुंगळी, दांडा, आणि हात पुन्हा वर. हाताला कोण सांगणार? शेवटी मी काय केलं, सगळ्या पुंगळ्या पहिल्या साच्याखालून काढल्या, मग चकती एकदा फिरवली, मग सगळ्या दुसऱ्या खालून. आणि नेमका लीलंड दारात. किती वेळ उभा होता देव जाणे. म्हणाला, "व्हर्ल, पवनचक्की बसवलीस आणि पाणी बादलीनेच काढतोस?" आणि हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. माझ्याजवळ आला आणि चकती स्वतःच्या हाताने हळूच फिरवून दाखवली, चुट्ट, चुट्ट, असा आवाज ऐकत. माझ्या प्रेसवर. माझ्यापेक्षा त्याच्या हातात ती जास्त गुणी वागली. प्रेसलासुद्धा मऊ हात लागतात बघा.

तो गेल्यावर मी त्याच्यासारखं करायला घेतलं. ओढा, फिरवा, ओढा, फिरवा. छान लय लागली. दारूही कमी घातली, मऊ, हो, घातली, आता तोंड वाकडं करू नका. आणि मधेच नेडीनने जेवायला हाक मारली, मी ओ दिली, आणि परत बघतो तर... चकती एक घर पुढे होती का दोन? हातातल्या काडतुसात दारू पडली होती का नव्हती? आणि त्याच्या आधीच्यात? भरलेला ढीग समोर, सगळी सारखी चकचकीत. उद्या त्यातलं एखादं पोकळ निघालं, तिने घोडा ओढला आणि नुसतं फुस्स झालं, गोळी नळीत अडकली, तिच्यामागून दुसरं काडतूस गेलं तर... ते राहू दे. मी जेवायला गेलो नाही. गोळी उपटायची हातोडी असते, तिने ठोकून ठोकून सगळी उघडली. सगळ्यांत दारू होती. सगळ्यांत. मग पुन्हा भरली, आणि प्रत्येक पुंगळीत गोळी बसवण्याआधी दिवा धरून आत डोकावलो. पार कडक होऊन गेलेलं जेवण नेडीनने शेडमध्येच आणून ठेवलं आणि म्हणाली, "नवीन प्रेस लवकर होते म्हणून घेतलीस ना?" मी म्हटलं, हो.

मोसम उघडायच्या आदल्या आठवड्यात मी तिला माझी दिली. तिने कोटाच्या डाव्या खिशात घातली. मी म्हटलं, उजव्यात का नाही? म्हणाली, उजव्यात लीलंडची आहेत. आता सांगा, बाई उजव्या हाताने बंदूक भरते, मग उजव्या खिशात कुणाची पाहिजेत? मी तिला खिसे बदलायला लावले. तिने बदलले. दुपारी लीलंड ॲपल पाय घेऊन आला, त्याने बघितलं, आणि तोंड असं लहान केलं, "असू दे नेडीन, खिशात काय आहे." तिने पुन्हा बदलले. रात्री मी नुसता कोटाकडे बघत बसलो, तर उठून पुन्हा बदलले. मग किल्ल्या घेतल्या आणि म्हणाली, मी जरा दुकानात जाऊन येते.

मी जळत नाही! मी खिशांबद्दल बोलतोय!

उघडायच्या दिवशी पहाटे आम्ही तिघं पिकअपमध्ये. तिघं, हो, कारण हरीण ओढायला माणूस पाहिजे म्हणे, आणि माझी कंबर पाहता तो माणूस लीलंड. ती सेजच्या झुडपांतून एकटी वर गेली. आम्ही दोघं खाली, काचा वर करून, एकमेकांचा श्वास ऐकत. उजाडलं, आणि वरून एकच बार. एकच. लीलंड डोळे मिटून म्हणाला, "मऊ आवाज. माझं." मी म्हटलं, लेका, तू पियानो ऐक, तो डोंगर आहे. माझं होतं ते.

वर पोचलो तर मोठं शिंगाळ हरीण आडवं, आणि ती बाह्या सारून सुरी काढून बसलेली. तिच्याकडे कोण बघतंय! आम्ही दोघं आधी खाली वाकलो. पुंगळी शोधायला. माझ्या काडतुसाच्या बुडाची टोपी रुपेरी, त्याच्याची तांब्याची, बघताक्षणी निकाल. ती तिकडे हरणाचं पोट फाडतेय, आतडी काढतेय, आणि आम्ही दोन म्हातारे गुडघ्यांवर, एकेक झुडूप उचलून बघतोय. बर्फ भुरभुरायला लागला. आणि मग माझ्या लक्षात आलं, लीलंड उभा राहिलाय. हलत नाही. एक बूट घट्ट रोवलेला.

मी म्हटलं, "लीलंड, पाय उचल."

"पायाला मुंग्या आल्यात."

"मग झाड."

"झाडवत नाही."

अहो, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्याची स्वतःची सापडली असती तर तांब्याची टोपी नाचवत डोंगरभर फिरला असता. पाय रोवला म्हणजे खाली काय आहे? रुपेरी. माझी. मी जिंकलो होतो. छाती काढून नेडीनकडे गेलो, हरणाच्या शिंगांना दोर बांधायला मदत केली, दोघांनी उतारावरून घसरवत पिकअपपाशी आणलं, तिने थर्मासमधून कॉफी ओतली. मग अगदी सहज, वाऱ्याबद्दल बोलावं तसं मी म्हटलं, माझं चांगलं लागलं म्हणायचं.

ती म्हणाली, "तुम्ही दोघं मघापासून काय शोधत होतात?" म्हटलं, पुंगळी. तिने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर ठेवली. कोरी करकरीत. आयुष्यात एकदाच उडालेली. तशी टोपी ना माझी, ना लीलंडची.

"दुकानातली आहे," ती म्हणाली. "विकतचा डबा. तुमच्या खिशांचा वैताग आला मला."

विकतचं काडतूस. माझ्या घरात. माझ्या बायकोच्या रायफलीत. यंत्राने भरलेलं, ज्या यंत्राला तिचं नावसुद्धा ठाऊक नाही. मी विचारलं, कसं होतं? कॉफीवर फुंकर घालत म्हणाली, "छान."

मग तिने वर बघितलं. उतारावर लीलंड अजून तसाच, टोपीवर बर्फ साचलेला, एक पाय रोवून. डोंगरावर किती वर्षांच्या, कुणाकुणाच्या पुंगळ्या पडल्यात, त्यातली एखादी रुपेरी टोपीची त्याच्या बुटाखाली असणार. नेडीन म्हणाली, "त्याला सांग ना. गारठून मरेल."

मी म्हटलं, कशाला? अख्ख्या वायोमिंगात तो एकच माणूस आहे ज्याला पटलंय की हरीण माझ्या काडतुसाने पडलं. राहू दे अजून थोडा वेळ उभा.