परवान्यावर नाव कुठे लिहिणार?

आजच्या सभेच्या अध्यक्षा सन्माननीय निशाताई वैती, त्यांच्या शेजारी बसलेले आपले पाहुणे प्राचार्य साईनाथ मोकाशी, कार्यकारिणीतले माझे सहकारी, ज्यांच्यासाठी आपण रविवारची झोप मोडून जमलो ते सत्कारमूर्ती दामाजी नाखवा, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी कलावतीवहिनी, आणि डोंबिवलीपासून कळव्यापर्यंतच्या गावांतून आलेले मंडळाचे स्नेहीजन,

सूत्रसंचालन करणाऱ्या संचिताताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाची पाच मिनिटं नुसती हजेरी घेण्यात जातात, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. त्या माझ्याच विद्यार्थिनी आहेत.

दामाजींनी आपल्या लोकबोली मंडळात एकतीस वर्षं संगणकावर अक्षरजुळणी केली. त्रैमासिक, पुस्तिका, वर्गणीची पावती, आमंत्रणपत्रिका, सगळं त्यांच्या हातून गेलं. आजचं मानपत्रसुद्धा त्यांनीच जुळवलं आहे, कारण ते काम येणारा दुसरा माणूस मंडळात नाही. मी त्यात सात विशेषणं लिहिली होती, छापून चारच आली. विचारलं तर म्हणाले, "जागा पुरत नव्हती, सर." स्वतःच्या निरोपाच्या कागदावरही या माणसाने काटकसर केली.

इथे खरं तर मी थांबायला हवं. माझ्या हातातल्या कागदावरही एवढंच आहे. पण मंडळी, सहा वर्षं एक गोष्ट गिळून बसलोय आणि आज ती बोललो नाही तर पुन्हा दामाजी समोर असताना बोलायची संधी येणार नाही. अध्यक्षांनी थोडी मुभा द्यावी.

आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे की दामाजी खाडीकाठच्या बोलीचा कोश करत होते. शब्द सांगणाऱ्या त्यांच्या आई भागीरथीबाई, आणि लिहिणारे हे. कचेरीचं काम संपलं की आदल्या दिवशी वहीत उतरवलेलं संगणकावर घालायचे. अकरा वर्षं. भागीरथीबाईंना मी एकदाच भेटलो. दारात बसून जाळं सांधत होत्या. मी कौतुकाने म्हणालो, "आजी, तुमचे शब्द पुस्तकात येणार." त्या मान वर न करता म्हणाल्या, "यावंदे. मंग लवकर आना." घाई त्यांना होती, आम्हाला नव्हती.

सहा वर्षांपूर्वी कार्यकारिणीपुढे एक प्रश्न आला. संगणक जुने झाले होते, चालू व्हायलाच चहा होऊन जायचा. आणि ज्या सॉफ्टवेअरवर दामाजी जुळणी करत, त्याचा परवानाही जुना. नवा घेतला तर पुढचं काम चालणार होतं आणि मागच्या फायली उघडत राहणार होत्या. हातात पैसे एकाच गोष्टीपुरते होते. यंत्रं घ्यायची की परवाना?

दामाजींना सभेत बोलावलं. ते उभेच राहिले. म्हणाले, "सर, मशीन हळू चालली तरी चालेल, मी थांबतो. परवाना घ्या." आणि मी काय म्हणालो? आजही कानात आहे. म्हणालो, "अहो दामाजी, सॉफ्टवेअरला पैसे कोण देतं? स्टेशनाबाहेर मिळेल की." सगळे हसले. निशाताई, तुम्ही हसला नव्हता, हेही मला आठवतं.

आता वर बघा. या सभागृहातल्या प्रत्येक पंख्याच्या पात्यावर कुणाचं ना कुणाचं नाव आहे. कपाटावर आहे, बाकावर आहे, पाण्याच्या टाकीवरही आहे. आपली संस्था अशीच उभी राहिली, यात कमीपणा नाही. हातातले ते पैसे म्हणजे आंबिवलीच्या कै. बाबुराव मढवींच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलांनी मोठ्या मनाने देऊ केलेली देणगी. त्यांनी सरळपणे विचारलं, "परवाना म्हणजे नक्की काय? त्याच्यावर वडिलांचं नाव कुठे लिहिणार?" त्यांचा काहीच दोष नाही. उत्तर देणं चिटणीस म्हणून माझं काम होतं. या परवान्याने एक अख्खा कोश छापला जाईल आणि त्याच्या पहिल्या पानावर तुमच्या वडिलांचं नाव येईल, एवढं साधं उत्तर मला सुचलं नाही. मी नव्या संगणकांच्या बाजूने हात वर केला.

उद्घाटनाची तारीख ठरली, पाटी रंगवून आली. आणि चार दिवस आधी भागीरथीबाई गेल्या.

आता जे सांगतो ते दामाजी आणि मी सोडून कुणालाही ठाऊक नाही. जुन्या यंत्राच्या पाठीमागे करंगळीएवढं एक लॉक खोचलेलं असायचं. ते असेल तरच ते सॉफ्टवेअर उघडे. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी दामाजींचा मला फोन आला. घरात सुतक, मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. म्हणाले, "सर, मला येता येत नाही. जुनी मशीन देऊ नका. द्यावीच लागली तर मागचं लॉक तेवढं काढून ठेवा." मी म्हणालो, "बरं बरं, तुम्ही घरचं बघा."

दुसऱ्या दिवशी जुनी यंत्रं मोडीत न्यायला टेम्पो आला. पाहुणे जिन्यात होते, टेबलं मोकळी हवी होती. टेम्पोवाल्याने विचारलं, "मागचं काय काढायचंय का?" मंडळी, मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी विसरलो नव्हतो. मला फोन आठवला. पण लॉक काढायचं तर टेबलाखाली शिरावं लागलं असतं, तिथे वर्षानुवर्षांची धूळ होती आणि माझ्या अंगात उद्घाटनासाठी शिवलेला नवा झब्बा होता. मी म्हणालो, "न्या."

एका झब्ब्यापायी हे झालं. एवढंच कारण आहे, यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही.

नारळ फुटला, फोटो निघाले. तेराव्यानंतर दामाजी कामावर आले, टेबलाखाली वाकून बघितलं आणि तसेच उठून उभे राहिले. मला विचारलं, "सर, त्या दिवशी माझा फोन लागला होता ना?" मी म्हणालो, "आवाज तुटत होता हो. काही कळलं नाही." ते "बरं" म्हणाले. पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढचं सगळं व्हायचं तसंच झालं. जुनं लॉक आणा, मग नवा परवाना देऊ, ही कंपनीची अट. भंगारवाल्यांकडे हेलपाटे घातले, ते सापडलं नाही. स्टेशनाबाहेरच्या दोन्ही नकली सीड्या कुचकामी निघाल्या. वर्षाच्या आत कंपनीने तो धंदाच बंद केला. दिपेश म्हणून ठाण्याचा हुशार मुलगा महिनाभर झटला, त्याच्याही हाती खुणांचा चिवडा लागला. वह्यांचं म्हणाल, तर घालून झालेल्या वह्या छापील प्रत आली की काढून टाकायच्या अशी आपली रीत, कारण जागा नाही. या वेळी छापील प्रत यायच्या आधीच, उद्घाटनाच्या साफसफाईत त्या रद्दीत गेल्या. तो हुकूमही माझाच. तपासणीसाठी 'न'पर्यंतची पानं छापली होती, ती तेवढी कपाटात आहेत. पुढच्या फायली आधीच नव्या यंत्रात उतरवून घेतल्या होत्या, त्या तिथे 'आयस', म्हणजे आई, या नावाच्या फोल्डरमध्ये आहेत. त्यांची नक्कल दामाजी दरवर्षी नव्या डिस्कवर घेतात. त्या उघडत नाहीत. आणि पुन्हा विचारायला जावं तर भागीरथीबाई नाहीत.

मग सभा झाली. कुणाचं चुकलं हे लिहायला हवंच ना? इतिवृत्तात मी वाक्य लिहिलं, "लॉक काढण्याबाबत संगणकचालकाने वेळेवर सूचना दिली नाही." आणि आपल्याकडे इतिवृत्त जुळवतं कोण? दामाजींनी ते जुळवलं. एक अक्षर बदललं नाही. माझ्यापुढे कागद ठेवून म्हणाले, "सर, सही." मी सही केली. त्या वर्षी त्यांची पगारवाढ याच वाक्यावर अडली, तेव्हाही मी गप्प बसलो.

काल मी त्या वाक्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, सूचना मिळाली होती, चिटणिसाने पाळली नाही. त्याखाली सही माझी आहे. चिटणीसपदाचा राजीनामा निशाताईंच्या पुढ्यातल्या पाकिटात आहे. त्याने एकही शब्द परत येणार नाही, हे मला कळतं. 'प'पासून पुढे काय काय होतं ते आता कुणीच सांगू शकत नाही, कारण जे शब्द आपल्याला माहीत नव्हते नेमके तेच गेले.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. मंगल प्रसंगी मी अशुभ बोललो. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने ते पोटात घालावं. दामाजी, तुम्ही मात्र घालू नका. सहा वर्षं तुम्ही तेच करत आलात.