बहिणीची गोष्ट छापून आली

मंडळी, ऐका. देवाचं नाव घेऊन झालं, पेटीचा सूर लागला, आता माझा एक प्रश्न आहे. एखादी गोष्ट खरी आहे, मला ती ठाऊक आहे, आणि मला ती उत्तम सांगता येते — एवढ्यानं ती माझी होते का?

लगेच माना डोलवू नका. तबलजी, तुम्हीसुद्धा नाही. आधी ऐका.

पद्माकर दहिवदकर म्हणून एक गृहस्थ. नगरपालिकेत कारकून. दिवसा जन्म-मृत्यूचे दाखले लिहायचे, संध्याकाळी घरी येऊन कथा लिहायच्या. नऊ वर्षं लिहीत होते. दिवाळी अंकांना पाठवायचे आणि कथा परत यायची. पोस्टमन फाटकातूनच सांगायचा, "दहिवदकर, आली बघा परत." हसता काय? घरात मुलीची पत्रिका अशी परत आलेली आहे का कुणाच्या? मग कळेल.

दहाव्या वर्षी एका संपादकबाईंनी परत पाठवलेल्या कथेसोबत चार ओळी लिहिल्या. "तुमची माणसं कागदाची आहेत. त्यांच्या घरातलं घड्याळ बरोबर चालतं की मागे पडतं, हे तुम्हाला माहीत नाही. जे लिहायची भीती वाटते, ते लिहा."

सल्ला खोटा होता का? मुळीच नाही. लाखमोलाचा सल्ला. पद्माकरांनी तो अक्षरशः पाळला — आणि तिथेच घात झाला.

त्यांना एक थोरली बहीण, शालूताई. फलटणला दिलेली. तिची सासू अर्धांगवायूनं दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली, आणि तिचं सगळं ही एकटी करायची. एका दुपारी सासूनं पाणी मागितलं. शालूताई उंबऱ्यावर बसली होती. ती उठली नाही. आत म्हातारी पाणी मागतेय, आणि ही उंबऱ्यावर बसून ऐकतेय. एक तास! तीन दिवसांनी सासू गेली. डॉक्टर म्हणाले, हृदयच थकलं होतं. पाण्याचा काही संबंध नव्हता. पण शालूताईनं हे बारा वर्षं पोटात ठेवलं, आणि एकदा, फक्त एकदा, धाकट्या भावाला सांगितलं.

भावानं काय केलं? कथा लिहिली.

नावं बदलली, गाव बदललं. पण संपादकबाईंनी बारकावे मागितले होते ना? मग बारकावे सगळे खरे घातले. सव्वादोनला बंद पडलेलं घड्याळ — सासऱ्यांनी टांगलेलं, म्हणून सासू कुणाला हात लावू देत नसे — तेही घातलं. कथा छापून आली. पहिल्या पानावर. नगरपालिकेत पेढे वाटले गेले, मुख्याधिकाऱ्यांनी पाठ थोपटली.

आठव्या दिवशी शालूताई दारात. हातातल्या पिशवीत दिवाळी अंक.

"वाचलीस ताई?" पद्माकरांनी विचारलं.

"ह्यांनी वाचली. मोठ्यानं. मला समोर बसवून."

"मी नाव बदललं होतं."

"नाव बदललंस. घड्याळ नाही बदललंस."

पद्माकरांनी तिला आत आणून बसवलं. "भाऊजी काय म्हणाले?"

"उठले, माठापाशी गेले आणि आपल्या हातानं पाणी घेऊन प्यायले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हापासून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. जेवतात. पाणी घेत नाहीत."

मंडळी, मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातल्या चिपळ्या खाली ठेवल्या होत्या. पण थांबा, ती अजून बोलतेय.

"लिहिलंस चांगलं," ती म्हणाली. "एकच चुकलं. तू लिहिलंस, ती उंबऱ्यावर बसून रडत होती. मी रडत नव्हते, पद्माकर. मला बरं वाटत होतं. हे मी तुलासुद्धा सांगितलं नव्हतं."

आता ऐका. पद्माकर स्वतः मला म्हणाले, "बुवा, ताई समोर बसली होती, तिचं घर माझ्यामुळे मोडायला आलं होतं, आणि माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, सांगू? हे कथेत असतं तर किती चांगलं झालं असतं."

सख्खा भाऊ. आणि हा विचार.

त्या विचारानंच ते हादरले. त्याच आठवड्यात पुण्याहून एका प्रकाशकांचं पत्र आलं होतं — बारा कथांचं पुस्तक काढू, ही कथा पहिली. दहा वर्षं ज्याची वाट पाहिली, ते पत्र. पद्माकरांनी कळवलं, ती कथा सोडून अकरा घ्या. उत्तर आलं, ती नसेल तर पुस्तक नाही. ह्यांनी लिहिलं, मग नको.

वर्षभर पेन उचललं नाही. मग एक कथा लिहिली. बहिणीची नव्हे, भावाची. बहीण समोर बसून दुःख सांगतेय आणि हा मनात वाक्यं जुळवतोय, अशा भावाची. बहिणीचं दुःख काय, ते त्यात कुठेच नाही. ते फलटणला गेले, ताई आणि भाऊजी दोघांना समोर बसवलं आणि वाचली. ताई म्हणाली, "दोन वाक्यं काढ." त्यातलं एक अख्ख्या कथेत सगळ्यात सुंदर होतं. काढलं. भाऊजी शेवटपर्यंत उठले नाहीत.

चार वर्षांनी साताऱ्याच्या एका लहान प्रकाशकानं पुस्तक काढलं. आणि पाणी? भाऊजी अजून स्वतःच घेतात. पुस्तक निघालं म्हणून सगळं सुरळीत झालं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. देवाच्या दारात उभा आहे मी.

तुम्ही म्हणाल, बुवा, मग तुम्ही कसे सांगताय? रास्त आहे. नावं-गावं मी बदलली आहेत. त्या बाईंच्या घरी गेलो, विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगा. पण मी रडत नव्हते, हे सांगा. उगाच माझी कीव नको."

आता तुमच्याकडे येतो. तुम्ही म्हणता, आम्ही कुठे कथा लिहितो? पारावर काय करता मग? हळदीकुंकवाला काय करता? शेजारणीनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलेलं चहा उतू जायच्या आत चार घरी पोचतं — वर आपली फोडणी घालून. तुमच्यापाशी कुणीतरी मन मोकळं केलंय, त्या माणसाचा चेहरा आठवा. आठवला? आता डोळे मिटा. त्या माणसासाठी एकदा नाव घ्या देवाचं. आणि मनातल्या मनात घ्या, मोठ्यानं नको.